जेरार्डची निवडक गाणी

“थांब, थांब. हे तर मघाचंच लावलंस,” जेरार्ड म्हणाला.

“नाही अंकल. मघाचं श्रीनाथचं होतं. हे मरियमबींचं,” डेन्झिल म्हणाला.

“बरं, पुढचं लाव.”

डेन्झिलने पुढचं लावलं. गिटारची तीच सुरुवात, तीच चढण आणि मग तोच सावकाश उतार. शब्द वेगळे, माणूस वेगळा, वर्ष वेगळं. चाल मात्र सख्खी जुळी.

“हे कोणाचं?”

“फैजचं.”

अल कुसैसमधल्या डेन्झिलच्या बेडरूममधलं कपड्यांचं कपाट हाच त्याचा स्टुडिओ. आतून गोधड्या ठोकलेल्या, मध्ये माइक. बाहेर टेबलावर कॉम्प्युटर. त्याच्यापुढे आम्ही तिघं. जेरार्ड, त्याची बायको नोरा आणि मी चंद्रहास. या भागातल्या निम्म्या पार्ट्यांचं जेवण माझ्या किचनमधून जातं. जेरार्डची मुलगी क्रिस्टिना पलंगावर फोन बघत पडली होती. मान वर न करता ती म्हणाली, “डॅड, इट्स ऑल वन साँग.”

एसीसुद्धा जरा दबकून चालायला लागला.

जेरार्ड वसईचा. इथे आखातात एका हॉटेलात बँक्वेट कॅप्टन. म्हणजे लग्न दुसऱ्याचं आणि घाम याचा. घरी लहानपणापासून अमेरिकेतली कंट्री गाणी वाजायची. घोडे, धुळीचे रस्ते, दूर राहिलेली आई. घोड्याच्या जागी त्याने पिकअप घातली, धूळ इथे आयतीच होती, आणि आई वसईतच राहिली होती. गाणी आपोआप मराठीत आली. आवाज असा, की अल मजाजला एका टेरेसवर त्याने फैजचं गाणं म्हटलं तेव्हा खाली खालिद लगूनमधले मासे कडेला येऊन उभे राहिले. मासे उभे राहत नाहीत, हे मलाही माहीत आहे. त्या दिवशी राहिले.

इकडे निवृत्ती असो, नोकरी जाणं असो की आजारपण, सगळ्याला एकच शब्द आहे. माणूस ‘फॉर गुड’ जातो. व्हिसा कॅन्सल, सामान कार्गोने, आणि जायच्या आधीच्या सुट्टीला पार्टी. त्या पार्टीत जेरार्ड जाणाऱ्यावर गाणं रचून म्हणायचा. एकदाच. रेकॉर्डिंग जाणाऱ्याच्या हवाली करायचा आणि ते गाणं पुन्हा कधी तोंडात आणायचा नाही. “प्रेझेंट दिलेला शर्ट आपणच घालून फिरायचा का?” म्हणायचा.

आता तोच फॉर गुड चालला होता. त्याच्यावर गाणं रचायला कोणी नव्हतं. म्हणून त्याने ठरवलं, आपली निवडक गाणी एकत्र करून अल्बम काढायचा आणि आपल्याच पार्टीत वाटायचा. जन्मात पहिल्यांदा त्याने दिलेली गाणी परत मागितली. कॅनडातून आली, नागपूरहून आली, मुंब्र्याहून आली. श्रीनाथने तर कॅसेट शोधून, ती कुठूनतरी उतरवून घेऊन पाठवली. सगळी गाणी आयुष्यात पहिल्यांदा एका खोलीत जमली, आणि हे असं झालं.

“चंदूशेठ, तू बहुतेक सगळ्या पार्ट्यांना होतास. तुला पण कळलं नाही?”

“मी बिर्याणीच्या हंड्यामागे असतो रे. आणि निरोपाला चाल कोण ऐकतं? जाणारा आपलं नाव कधी येतं ते ऐकतो, बाकीचे हंडा कधी उघडतो ते.”

तो हसला नाही. मग मी त्याच्याच धंद्यातलं काढलं. “तुमच्या बँक्वेटमध्ये काय असतं? एकच लाल ग्रेव्ही. एकात पनीर सोडलं, एकात चिकन, एकात कोफ्ते. समोर कार्ड वेगळं. पाहुणा खुश!”

“तिथे मला माहीत असतं, चंदूशेठ. इथे मलाच माहीत नव्हतं.”

साठीला आलेला माणूस. जन्मभर सूट घालून दुसऱ्यांच्या ताटांकडे बघितलं. स्वतःची म्हणून एवढीच मिळकत, आणि ती एका दुपारीत एका गाण्याएवढी झाली.

“टेन्शन नका घेऊ अंकल,” डेन्झिल म्हणाला. “एकाला बँजो लावतो, एकाचा स्पीड वाढवतो, एकाची चाल थोडी वाकवतो. दोन दिवसांत सगळी वेगवेगळी. कोणाला पत्ता लागणार नाही.”

जेरार्डने लगेच मान हलवली. बुडणारा माणूस फळीचं लाकूड कुठलं ते विचारत नाही. डेन्झिलने तिथल्या तिथे मरियमबींचं गाणं घेतलं. खटाखट बँजो आला, चाल पळायला लागली, जिथे उतार होता तिथे चढ झाला. ऐकायला झकास झालं, खोटं कशाला बोलू?

“हे तिला पाठवलंस तर म्हणेल, भलत्याचंच आलं,” नोरा म्हणाली. “जेरी, तिने मेसेजमध्ये काय लिहिलंय वाचलंस ना?”

“काय?” मी विचारलं.

जेरार्डच खालच्या आवाजात बोलला. “रोज सकाळी चहा टाकला की गाणं लावते. गाणं संपलं की चहा झालेला असतो.”

मग तो कॉम्प्युटरकडे वळला.

“डेन्झिल, काढ तो बँजो. होतं तसं कर. बाईचा चहा बिघडेल.”

“मग अल्बमचं काय अंकल? खलास?”

“खलास कशाला? एकच गाणं आहे ना, मग एकच ठेव. सगळी एकावर एक रच आणि एकदम लाव.”

“कचरा होईल अंकल!”

“होऊ दे. आयुष्यात एक चाल केली मी. ती धड ऐकू तरी दे.”

डेन्झिल बसला. कोणाला ओढून पुढे आणलं, कोणाला धरून मागे, कोणाची पट्टी उतरवली. मी किचनमधून वडे मागवले, ते संपले. खाली रस्त्यावरचे दिवे लागले तेव्हा तो म्हणाला, “यल्ला, चला, ऐका.”

आधी खरंच बाजार भरला. मग कान बसला. एकच माणूस सगळ्या वयांत गात होता. शब्द एकमेकांत मिसळून गेले होते, पण प्रत्येक गाण्यात नाव एकाच जागी यायचं. त्या जागी श्रीनाथ, मरियमबी, फैज, नादिया, सगळे एकदम दारात आले. क्रिस्टिनाने फोन उलटा ठेवला.

शेवटचा सूर आला. सगळ्यांत आधी गेल्या वर्षीचा जेरार्ड दमला. मग त्याच्या आधीचा. एकेक आवाज गळत गेला आणि कॅसेटवरचा, श्रीनाथला निरोप देणारा तरुण पोरगा तेवढा उरला. तो सोडायलाच तयार नाही.

“तेव्हा सिगरेट नव्हतास ओढत,” नोरा म्हणाली.

डेन्झिलचा हात बंद करायला पुढे गेला. जेरार्डने तो धरला.

“थांब. त्याचं होऊ दे.”

पोराचा श्वास पुरा झाला. मागे कुठल्याशा फ्लॅटमधल्या टाळ्या सुरू झाल्या. त्यातले बहुतेक हात केव्हाच हा देश सोडून गेलेत. जेरार्ड खुर्चीतून उठला. शर्ट खाली ओढून सरळ केला, हात पाठीमागे घेतले, आणि हॉलमधला शेवटचा पाहुणा बाहेर पडेपर्यंत उभं राहावं, तसा त्या टाळ्या संपेपर्यंत उभा राहिला.