डावऱ्याची सही

कोचसाहेब, तुम्ही खोटारडे आहात. सरळच सांगते, आडून बोलायची मला सवय नाही. तुमच्या त्या मोठ्या विद्यापीठातल्या लाल गादीच्या खुर्चीत बसून तुम्ही माझ्या भावाला पत्र पाठवलंत : "प्रिय खेळाडू, आमची तुझ्यावर नजर आहे." नजर! ओक्लाहोमाच्या ह्या टोकाला वारा सुटला की टपालवालासुद्धा फाटकापर्यंत येत नाही. तिथवर तुमची नजर पोचली म्हणून आमच्या घरात तीन दिवस कुणी धड जेवलं नाही. डॅडींनी पत्राला चौकट करून टीव्हीच्या वर टांगलं. मॉमने ते चर्चमध्ये वाचून दाखवलं. आणि माझा भाऊ, साडेसहा फुटी घोडा, अंगणात कोलांट्या मारत सुटला.

सगळं गाव त्याला डावऱ्या म्हणतं, बेसबॉलात डाव्या हाताने चेंडू टाकतो म्हणून. खरं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही.

तो नऊ वर्षांचा होता तेव्हापासून त्याचे चेंडू मीच झेलते. दिवसभर धान्याच्या गोदामावर ट्रकांचं वजन करायचं आणि संध्याकाळी अंगणात उकिडवं बसून मार खायचा. अंगठा दोनदा मोडला माझा. त्याला आयुष्यात एकच हवं होतं : कॉलेजात जाऊन चेंडू टाकायचा. बाकावर बसून दुसऱ्यासाठी टाळ्या पिटायच्या नव्हत्या. कुठल्या कॉलेजात, ते नोव्हेंबरातल्या सहीच्या दिवसापर्यंत ठरवायचं होतं; त्या दिवशी पोरं कॉलेजांच्या करारावर सह्या करतात.

ऑगस्टात आम्ही सात तास गाडी हाणत तुमच्या खेळाडू निवडायच्या शिबिराला आलो. गाड्या लावायच्या मैदानात डॅडींनी शेजारच्या पिकअपवाल्याला गाठलं. "आमच्या पोराला खास पत्र आलंय हो. नजर आहे म्हणतात."

"काय सांगता! आमच्याही पोराला!" त्याने खिशातून घडी बाहेर काढली.

पलीकडून तिसरा आला, त्याने तर प्लास्टिकमध्ये घालून आणलेलं. पाच मिनिटांत तिथे अकरा बाप आणि अकरा पत्रं. सगळ्यांवर तीच सही, आणि सहीच्या शेपटाशी एकाच जागी शाई फिसकटलेली. मी गाडीच्या पायरीवर बसून इतकी हसले, इतकी हसले, की उचकी लागली.

"हसू नकोस, जो," डॅडी मला म्हणाले. "त्यांची नजर मोठी असेल."

डावऱ्याने बारा चेंडू टाकले. तुमच्या वेगाच्या यंत्रात चौऱ्याऐंशी मैल आले. मग तुम्ही आम्हाला ऑफिसात बोलावलंत. "ये तू. जागा राखून ठेवत नाही, पण आपल्या पायाने आलास तर संघात बसवून घेऊ. पहिलं वर्ष खेळायचं नाही. पुढे बघू. बेटा, नाव काय म्हणालास?"

डॅडींना त्यातलं फक्त "ये तू" ऐकू आलं. परतताना प्रत्येक गावात त्यांनी हॉर्न वाजवला. मागच्या सीटवर डावऱ्या माझ्या कानाशी पुटपुटला, "जो, पण मी तिथे चेंडू टाकणार कुणाला?"

"डॅडींना विचार की."

"त्यांचं तोंड बघ ना. विचारवेल का तुला?"

नव्हतं विचारवत. पन्नाशीचा माणूस पोरासारखा शीळ घालत गाडी चालवत होता.

ऑक्टोबरात कॅन्ससमधल्या एका दोन वर्षांच्या कॉलेजाचे कोच हबर्ड घरी आले. बुटाला गवत चिकटलेलं, कारण मैदानाचं गवत तेच कापतात. संघाची बसही तेच चालवतात. मॉमने व्हरांड्यात जेवण मांडलं होतं. हबर्ड डॅडींना सोडून माझ्याकडे वळले. "तुम्ही झेलता ना? मग सांगा, ह्याचा चेंडू शेवटी काय करतो?"

आजवर कुणी मला हे विचारलं नव्हतं. तुम्ही तर नाहीच. मी म्हटलं, "शेवटच्या हातभर अंतरात एकदम खाली बसतो. दमलेलं कुत्रं बसतं ना, तसा."

"आणा तो तुमचा झेलायचा हातमोजा."

गडी साठीचा, पण माझा हातमोजा घालून व्हरांड्यापुढे बसला. तीन चेंडू झेलले. चौथा खाली बसला तो थेट त्यांच्या नडगीवर, तिथून उडाला आणि मॉमच्या ग्रेव्हीच्या पातेल्यात. पातेलं डॅडींच्या मांडीवर. हबर्ड एका पायावर नाचत ओरडत होते, "मला हाच हवा! हाच!" मॉम पदार्थ वाचवू की नवरा, अशी घुटमळली आणि तिने बटाटे वाचवले.

डॅडी ग्रेव्ही पुसत म्हणाले, "दोन वर्षांचं कॉलेज. तिथे ह्याला बघणार कोण?"

"समोरचा बॅटवाला बघेल. आधी त्याला बघू द्या," हबर्ड म्हणाले. "फेब्रुवारीतल्या पहिल्या शुक्रवारी हा चेंडू टाकेल. बस जुनी आहे. दर गुरुवारी राजमा असतो, तोही वाईट. बाकी काही लपवत नाही."

डॅडींनी त्यांचा कराराचा कागद घेतला नाही. मी घेतला, आणि माझ्या ट्रकच्या खणात टाकला.

सहीचा दिवस आमच्याकडे लग्नासारखा असतो. शाळेच्या व्यायामशाळेत टेबल, मागे आईबाप, पुढे गाव. टेबलावर निवडलेल्या कॉलेजाची टोपी असते; पोराने ती घालायची, कागदावर सही करायची आणि केक कापायचा. डॅडींनी तुमची लाल टोपी मागवली. मॉमने लाल केक केला, बैलगाडीच्या चाकाएवढा. चार पोरं ढोल घेऊन तयार. गोदामाला सुट्टी. डावऱ्या टेबलाशी बसला, चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा.

खेळाचे शिक्षक, मिस्टर पुलियम, टक्कल पुसत म्हणाले, "चला, कागद काढा."

"कुठला कागद?" डॅडी.

"अहो, सही कशावर करायची?"

डॅडींनी तुमच्या ऑफिसला फोन लावला, आणि माणूस इतका खुशीत की तो लाउडस्पीकरवर टाकला. सगळ्या गावाने ऐकलं : "आपल्या पायाने येणाऱ्यांना सही नसते, सर. कागद फक्त जागा दिलेल्यांना. कोण म्हणालात? नाव पुन्हा सांगता का?"

फोन बंद झाला. दोनशे माना डॅडींकडे वळल्या. एका ढोलवाल्याच्या हातून टिपरी निसटली आणि ठणठणत लांब गेली. डॅडींनी केककडे बघितलं, टोपीकडे बघितलं.

"मग काय, केकवर सही करायची?" ते म्हणाले.

पहिली मॉम हसली. मग मी. मग हसू असं पसरलं की मागच्या रांगेतले लोक काय झालं ते न कळताच हसत होते. त्या गोंधळात डावऱ्या उठून उभा राहिला. "डॅडी, मला चेंडू टाकायचाय. बघत नाही बसायचं."

अठरा वर्षांत तो डॅडींशी इतका स्पष्ट पहिल्यांदाच बोलला.

डॅडींनी लाल टोपी उचलली आणि पुलियमच्या टकलावर बसवली. "तुम्हाला शोभते. जो, तो ग्रेव्हीवाल्याचा कागद आहे का गं?"

मी धावत ट्रकपाशी गेले, धावत आले. कागदावर मोहरीच्या चटणीचा पिवळा डाग होता. असू दे! डावऱ्याने सही केली. खाली पालकाची सही. डॅडींनी ती इतकी दाबून केली की कागदाला भोक पडलं. ढोल बडवले गेले. हबर्डच्या कॉलेजाचा रंग हिरवा, म्हणून मॉमने लाल केकवर लोणच्यातल्या काकडीच्या चकत्या लावल्या, आणि लोकांनी तोही चाटूनपुसून खाल्ला.

शाळा संपून कॉलेज सुरू झालं, आणि पुढच्याच्या पुढच्या फेब्रुवारीत, पहिल्या शुक्रवारी, थंडीने नाक गळत असताना डावऱ्याने सात डाव टाकले. हबर्डनी शब्द पाळला. राजमासुद्धा सांगितला तसाच वाईट आहे. डॅडी प्रत्येक सामन्याला हिरवी टोपी घालून जातात आणि समोरच्या बॅटवाल्याला ओरडतात, "बघ रे, नीट बघून घे त्याला!" एप्रिलात जाळीमागे तुमचा माणूस यंत्र घेऊन उभा दिसला. एक्क्याण्णव मैल आले.

आणि गेल्या आठवड्यात तुमचं पत्र आलं. "प्रिय खेळाडू, आमची तुझ्यावर नजर आहे." तीच सही. शेपटाशी तीच फिसकटलेली शाई.

पुढच्या वर्षी तिथली दोन वर्षं संपली की डावऱ्याला पुन्हा ठरवायचं आहे, कुठे खेळायचं. तुमच्याकडेही येईल कदाचित. तो माझ्यासारखा खुनशी नाही. पण त्याआधी माझा एकच प्रश्न आहे. शिबिराच्या अर्जावर लिहिलं, ऑफिसात तोंडी सांगितलं, गावासमोर फोनवर सांगितलं. यंत्रातला आकडा तुम्हाला पाठ असेल. ज्याच्यावर तुमची एवढी नजर आहे, त्या माझ्या भावाचं नाव काय? फाईल न उघडता, शाईच्या पेनाने, स्वतःच्या हाताने लिहून पाठवा. वाट बघतेय. उत्तर द्या.