कॉन्फेसोराच्या खुब्यातला बत्ता

बेकरीमागच्या अंगणात सकाळपासून माणसं काठ्या टेकत जमली होती. ज्याचा खुबा बदलायचाय त्याने एक हात ताठ पुढे धरायचा, दुसऱ्यात कृत्रिम सांधा घ्यायचा आणि रादामेस गुरूने पुढचा हात दाबायचा. चुकीच्या सांध्याला हात लुळा पडे, योग्य सांध्याला खांबासारखा राही. आणि योग्य निघे तो दरवेळी गुरूच्याच पेटीतला सोनेरी सांधा.

"डॉक्टर हाडं बघतो, मी लहरी बघतो. अंग खोटं बोलत नाही, ताई," गुरू प्रत्येकीला सांगे.

माझी शेजारीण कॉन्फेसोरा केळी तळायचा गाडा चालवते. आता उभंही राहवत नाही तिला. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तिचं वय, हाडांची ताकद, एक्स-रे बघून सांधा ठरवला होता. गुरुवारी ऑपरेशन. आणि ही बया मला म्हणते, "बाई, मी ते रद्द करतेय. माझ्या अंगाने तो सांधा नाकारला. पेटीतला नुसता नमुना आहे, माझ्यासाठी सोनेरी मागवायला वर्ष लागेल."

वर्षभरात ती अंथरुणाला खिळली असती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पस्तीस वर्षं गणित शिकवलंय मी, उगाच नाही. भिंतीला टेकून तासभर त्या गुरूची बोटं बघितली, मग पुढे झाले.

"गुरुजी, सांधे मोज्यांत घालते. वजन सारखं करायला वर राजमा भरते. तुम्ही न बघता दाबा."

"लहरी बिघडतात, बाई."

गर्दीतून म्हातारे चिची बोलले, "डॉमिनोत दुसऱ्याच्या सोंगट्या बघून खेळणाऱ्याला आम्ही टेबलावरून उठवतो, रादामेस."

सगळे हसले. गुरूला नाही म्हणता येईना.

बेकरीत जाऊन मी तीन मोजे भरून आणले. पहिल्याला कॉन्फेसोराचा हात पडला. दुसऱ्याला ताठ राहिला.

"हाच सोनेरी," गुरू म्हणाला. "बघा, पेशी ओळखतात."

मी मोजा उलटा केला. राजमा सांडला आणि मागोमाग लाकडी बत्ता.

"अगं बाई, हा तर माझ्याच गाड्यावरचा," कॉन्फेसोरा म्हणाली. "लसूण कुटायचा."

"बसवून घेतेस का खुब्यात?" मी विचारलं.

मग मी तिचा मोकळा हात मनगटाशी दाबला, खाली गेला. तेवढ्याच जोराने कोपराजवळ दाबला, हलला नाही. दाराला बिजागरीजवळ ढकललं तर ते जड जातं, कडेला ढकललं तर लगेच उघडतं. गुरू नको त्या सांध्याला मनगटाशी दाबे, सोनेरीला कोपराजवळ; एवढीच त्या लहरींची गंमत. घरी करून बघा.

गुरूने पेटी मिटली. तरी एक बाई म्हणालीच, "माझं अंग वेगळं आहे हो." असेलही. म्हणूनच तर डॉक्टरांना विचारायचं: मला हाच सांधा का? असे किती बसवलेत? ती माणसं आज कशी चालतात?

कॉन्फेसोराने ते तीन प्रश्न पिठाच्या पिशवीवर लिहून घेतले आणि गुरुवारी शहरात गेली. तुम्हीही विचारा. उत्तर पटेपर्यंत विचारत राहा, आणि ऐकताना हात खालीच ठेवा.