कस्तुरी काय म्हणाली

स्मिता घोड्यांची डॉक्टर. मूळची नागपूरची, लग्नानंतर बंगळूरला आली आणि के. आर. पुरमला राहू लागली. सुखदा पुण्याची, बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. दोघींची गाठ गणपतीच्या कार्यक्रमात पडली आणि मैत्री झाली. पुढे सुखदाचा घटस्फोट झाला, घर सुनं झालं, तेव्हा तिने शर्यतीतून काढलेली एक घोडी घेतली आणि सर्जापूरच्या पुढे मालोजी अण्णांच्या तबेल्यात ठेवली. घोडीचं नाव कस्तुरी. तिचा पुढचा उजवा पाय अधू होता. स्मिताने मेहनत घेऊन तो इतका सुधारला की सुखदा रविवारी तिच्यावर बसून तळ्यापर्यंत जाऊन येऊ लागली.

शाल्मलीचं नाव सुखदाला तबेल्यातल्याच कुणीतरी सांगितलं. घोड्याचा फोटो पाठवायचा, मग ती डोळे मिटून बसते आणि घोडा काय म्हणतो ते सांगते. पहिल्याच वेळी शाल्मलीने सांगितलं की कस्तुरीला पूर्वी कुणीतरी खूप मारलं आहे. सुखदा ढसाढसा रडली.

"शर्यतीच्या कुठल्या घोड्याला मारलेलं नसतं?" स्मिता म्हणाली.

"तुला प्रत्येक गोष्टीचा एक्स-रे लागतो," सुखदा म्हणाली आणि विषय तिथेच संपला.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी कस्तुरीने चंदी तोंडात घेतली नाही. पुढच्या पायाने जमीन उकरत होती, मान वळवून सारखी पोटाकडे बघत होती. मालोजी अण्णांनी सुखदाला फोन केला. सुखदाने व्हिडिओ मागवून घेतला आणि तो शाल्मलीकडे पाठवला. शाल्मलीचं उत्तर आलं: दुखणं पोटाचं नाही, मनाचं आहे. शेजारच्या ठाणातला घोडा विकला गेला, त्याचं तिला दुःख झालंय. आज तिला सुया टोचू नका, शांत राहू द्या.

सुखदाने अण्णांना तसं कळवलं आणि ती मीटिंगला बसली.

दुपारी कस्तुरी आडवी पडून लोळायला लागली. तेव्हा कुठे सुखदाने स्मिताला फोन केला. स्मिता लगेच निघाली, पण आउटर रिंग रोडवर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. तबेल्यात पोचली तेव्हा घोडी घामाने निथळत होती. हिरड्या जांभळ्या पडल्या होत्या. स्मिताने कुशीला स्टेथोस्कोप लावला. एरवी घोड्याच्या पोटात ढगांसारखी गडगड चालू असते. आत काहीच वाजत नव्हतं.

"कधीपासून असं चाललंय, अण्णा?"

अण्णांनी नजर चुकवली. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, मराठीत कन्नड मिसळून बोलायची सवय. "सकाळपास्नं, अक्का. स्वल्प बेचैन होती."

"मग मला का नाही कळवलं?"

"मॅडम नको म्हणाल्या."

स्मिताने नाकातून नळी घालून पाहिली, इंजेक्शनं दिली, सईसाकडून घोडीला उठवून चालवून पाहिलं. चार पावलं टाकून कस्तुरी पुन्हा कोसळली. आतडं पिळलं गेलं होतं. सकाळी कळलं असतं तर ऑपरेशनचा विचार तरी करता आला असता. आता उरलं होतं ते एकच.

सुखदा धावत आली. स्मिताने तिला स्पष्ट सांगितलं. सुखदा कस्तुरीच्या डोक्याशी बसली, आयाळीतून हात फिरवत राहिली आणि मग म्हणाली, "एक मिनिट थांब. शाल्मलीला विचारते. कस्तुरी जायला तयार आहे का ते तरी कळू दे."

भरलेली सिरिंज हातात धरून स्मिता उभी राहिली. फोन वाजत राहिला. शाल्मली दुसऱ्या कुणाच्या घोड्याशी बोलत असावी. सुखदाने पुन्हा लावला. घोडी डोकं जमिनीवर आपटत होती.

"बाजूला हो, सुखदा," स्मिता म्हणाली आणि तिने सुई टोचली.

त्यानंतर सुखदाने स्मिताचे फोन घेतले नाहीत. मग एके दिवशी तबेल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिने एक लांबलचक मजकूर टाकला. शाल्मलीने मेलेल्या कस्तुरीशी संवाद साधला होता. कस्तुरी म्हणाली, मला इतक्यात जायचं नव्हतं, माझी घाई केली. डॉक्टर उशिरा आली आणि तिच्या हातात राग होता.

खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली. कुणीही काही विचारलं नाही. महिन्याभरात तबेल्यातले बहुतेक मालक दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. मालोजी अण्णांचा फोन आला.

"स्वल्प दिवस इकडं येऊ नका, अक्का. लोकांचं मन शांत होऊ द्या."

"अण्णा, तुम्ही सकाळपासून तिथे होतात. तुम्हाला माहीत आहे काय झालं ते."

"माहीत आहे," अण्णा म्हणाले. "पण घोडे त्यांचे आहेत. सरी, बरं, ठेवू का?"

स्मिताने शाल्मलीचा पत्ता काढला आणि सरळ जयनगरला तिच्या घरी गेली. कुणीतरी भगवी शाल पांघरलेली, धूप लावून बसलेली बाई भेटेल अशी तिची अपेक्षा होती. दार उघडलं ते सुती कुर्त्यातल्या, चष्मा लावलेल्या, चाळिशीच्या एका बाईने. घरात एक म्हातारा आंधळा कुत्रा होता. शाल्मली मुंबईची, पूर्वी एका बँकेत होती. तिने चहा विचारला. स्मिता नको म्हणाली. आपण कस्तुरीची डॉक्टर, मूळची नागपूरची, एवढंच तिने सांगितलं.

"तुम्हाला खरंच ऐकू येतं?"

"शब्द नाही येत," शाल्मली म्हणाली. "चित्र दिसतं. कधी माझ्याच अंगात दुखतं. लोक मला खोटारडी म्हणतात, पण मी आजवर मनाने रचून काही सांगितलेलं नाही."

"त्या सकाळी तुमच्या अंगात काय दुखलं?"

"छाती. फार जड झाली होती. कुणीतरी सोडून गेल्यासारखी."

"घोडीचं आतडं पिळलं होतं."

शाल्मलीने कुत्र्याला जवळ ओढलं. मग म्हणाली, "मग मी सुखदाचं मन ऐकलं असेल. माणूस आणि जनावर इतके जवळ असले की कधी कधी कुणाचं आहे ते कळत नाही."

तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं. ठरवून फसवणाऱ्या बाईशी भांडता आलं असतं.

"आणि ती मेल्यावर जे सांगितलंत ते? डॉक्टरच्या हातात राग होता म्हणून?"

"नव्हता?" शाल्मलीने विचारलं.

राग होता. सुखदावर, अण्णांवर, रस्त्यावरच्या गाड्यांवर. पण अशा वेळी कुठल्या डॉक्टरला राग आला नसता? ते सांगायला घोड्याशी बोलावं लागत नाही. स्मिता हे बोलणार, तेवढ्यात शाल्मलीने डोळे मिटले आणि हळूच म्हणाली, "ती तुमच्यावर रागावलेली नाही. शेवटी बरं वाटलं म्हणते."

 क्षणभर स्मिताला खूप हलकं वाटलं. आणि लगेच स्वतःची शिसारी आली. हिच्या एका शब्दावर आपला विश्वास नाही आणि तरी आपण तो शब्द तहानलेल्यासारखा पिऊन टाकला.

"पुढच्या वेळी छाती जड झाली की आधी डॉक्टरला बोलवायला सांगा," ती उठत म्हणाली. "मग हवं ते ऐका."

शाल्मलीने होकारार्थी मान हलवली. कुत्रा स्मिताच्या मागे दारापर्यंत आला.

दसऱ्याच्या सुमारास सकाळीच सुखदाचा फोन आला. आठ महिन्यांचा अबोला मधे नव्हताच जणू. तिने नवा घोडा घेतला होता, भैरव. त्याने चंदी सोडली होती.

"शाल्मली म्हणाली, भैरव तुलाच बोलावतोय. नाव नाही घेतलं, पण म्हणाली, नागपूरच्या त्या डॉक्टरबाई. ये ना गं लगेच."

स्मिता गेली. ठाणाच्या दाराला सुखदाने मोबाइल टांगून ठेवला होता, स्पीकर चालू. स्मिता नळी घालत असताना शाल्मलीचा आवाज येत होता, "त्याला बरं वाटतंय, हात ओळखीचे वाटतायत त्याला." भैरवने स्मिताला त्याआधी कधी पाहिलेलंही नव्हतं. तिने तेल आत सोडलं, इंजेक्शन दिलं, कुशीला कान लावून बसली. दुपारपर्यंत पोट वाजायला लागलं. भैरवने लीद टाकली तेव्हा सईस हसला आणि सुखदा स्मिताच्या गळ्यात पडली.

"बघितलंस? तुझा विश्वास नव्हता ना. आता तरी पटलं?"

स्मिताला सांगता आलं असतं. आधी डॉक्टरला बोलवा, हे शाल्मलीला घोड्याने नाही, मी सांगितलं, तिच्या घरी जाऊन. पण मग सुखदा शाल्मलीशी भांडली असती, नाहीतर स्मिताशी, आणि पुढच्या वेळी घोडा पोटाकडे बघू लागला की डॉक्टरला बोलवेपर्यंत पुन्हा दुपार झाली असती.

"वेळेवर बोलावलंस ते बरं केलंस," एवढंच ती म्हणाली आणि नळी धुवायला नळावर गेली. तिथे अण्णा उभे होते. त्यांनी तिच्यासाठी नळ सोडला.

संध्याकाळी ग्रुपवर भैरवचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, भैरवने आपला डॉक्टर स्वतः निवडला. शाल्मली, तुझे आभार मानावे तेवढे थोडे. स्मिताचं नाव शेवटच्या ओळीत होतं.

गेलेले मालक एकेक करून परत आले. नवेही आले. आठवड्याने एका अनोळखी बाईचा फोन आला.

"भैरवने निवडलेल्या डॉक्टर तुम्हीच ना? आमची घोडी सकाळपासून अस्वस्थ आहे. शाल्मलीताईंनी तुमचंच नाव दिलं."

स्मिताने बॅग जवळ ओढली.

"हो, मीच," ती म्हणाली. "लीद टाकली का तिने?"