प्रयागअक्काचा नकार

फाल्गुनातली दुपार कलंडू लागली की मुखेडच्या आमच्या गल्लीत एक नाद सुरू होतो. दगडावर ठेवलेल्या चिंचेच्या आकड्यावर लाकडी मोगरी पडते, टरफल तडकतं, चिंचोके टोपल्यात उडतात आणि पिकल्या गराचा आंबटगोड दरवळ तापलेल्या हवेत रेंगाळत राहतो. एक मोगरी, मग दुसरी, मग आठ-दहा; त्यांना ताल नसतो, कुणी कुणासाठी थांबत नाही. आणि या साऱ्या बेताल नादावर एक स्वर तरंगत असतो, भरदार, किंचित घोगरा, चार घरं ओलांडून जाणारा. तो प्रयागअक्काचा. बहुधा ती कुणाला तरी रागावत असते.

शांत, सोशिक, मायेचा सागर वगैरे बाई शोधत कुणी इथे आला असेल, तर त्यानं आल्या पावली परत फिरावं. अक्का तशी नाही. उंच, सावळी, पन्नाशी ओलांडलेली; खळ घातलेल्या सुती साडीची घडी मोडलेली तिला खपत नाही, आणि आपला शब्द खाली पडलेला तर त्याहून खपत नाही. चहा बेचव निघाला तर हॉटेलवाल्याला ती भर बाजारात सुनावते. समाजकार्याची पदवी तिनं नांदेडला घेतली, पुढे कितीतरी वर्षं किनवटच्या जंगलाकडच्या निवासी शाळेत ती मुलींची अधीक्षिका होती, आणि आपण शिकलेल्या आहोत हे ती कुणाला विसरू देत नाही. पण कुणी मनातलं बोलू लागलं की या बाईत एक निराळीच बाई उतरते. मान किंचित डावीकडे कलते, नजर हातातल्या कामावर स्थिरावते, आणि समोरचा जे सांगतो आहे ते तिला नव्हे, त्या चिंचेलाच सांगतो आहे अशा तटस्थपणे ती ऐकत राहते. ऐकताना ती माणसाकडे पाहत नाही. किनवटला मुलींच्या वेण्या घालता घालता तिला हे उमगलं होतं, की पाठमोरं बसलेलं लेकरू जे सांगतं ते समोर बसवून विचारलं तर कधीच सांगत नाही.

मुंबईच्या एका धर्मादाय प्रतिष्ठानाला हे कळायला वेळ लागला. त्यांचा हेतू निर्मळ होता, हे आधीच सांगून टाकतो. मराठवाड्यातल्या तरुण मुलामुलींना मनाचा आधार मिळावा, वाट दाखवणारं कुणी भेटावं आणि हाताला काम लागावं म्हणून त्यांनी निधी दिला. अक्काला समुपदेशक नेमलं, आणि इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या मला, मुलाखतीला कसं बसावं, अर्जात काय लिहावं हे सांगण्यासाठी मार्गदर्शक केलं. वायरमनच्या कामाचे, रुग्णसेवेचे, संगणकाचे वर्ग सुरू झाले. केंद्राची जागा मात्र त्यांनी घेतली ती एसटी स्टँडच्या अगदी समोर, खेड्यापाड्यांतून येणाऱ्यांना सोयीची म्हणून. समुपदेशनासाठी वेगळी खोली, तिच्या दारावर ठळक पाटी, आत पडदा, समोरासमोर दोन खुर्च्या. वर्गांना पोरं यायची. त्या खोलीत एक अख्खा पावसाळा कुणी पाऊल ठेवलं नाही. ठेवणार कसं? स्टँडवर उतरणारी निम्मी माणसं ओळखीची, आणि त्या दारातून आत गेलेल्याच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय ही वार्ता संध्याकाळच्या गाडीनं त्याच्या गावाला पोचणार. आत डोकावले ते एवढेच, देगलूरची गाडी गेली का म्हणून विचारणारे.

शेवटी अक्कानं त्या खोलीला कुलूप घातलं आणि अडत्याकडून चिंचेची पोती आपल्या अंगणात आणवली. चिंच फोडायला कुणीही कुणाच्याही अंगणात जाऊन बसावं, हा इकडचा जुना रिवाज. का आलास असं तिथे कुणी विचारत नाही, मजुरी ज्याची त्याला मिळते, आणि हात गुंतलेले असले की जीभ मोकळी होते. घरून निघताना चिंच फोडायला चाललो एवढं सांगितलं की पुरे. चिंच सरली की भुईमुगाच्या शेंगा, शेंगा सरल्या की तुरीची डाळ निवडणं. अंगण रिकामं राहिलं नाही. तिथे आलेल्या प्रत्येकाला अक्का सुरुवातीलाच सांगायची, "इथलं इथंच ऱ्हाईल. माझ्या तोंडून भायेर जाणार न्हाई." आणि मग मोगरी हातात द्यायची.

येणाऱ्यांत पुष्कळ मुलं लातूरहून परतलेली असत. लातूर हे आमच्याकडे नुसतं शहर नाही. डॉक्टर होण्याचं ते घरोघरचं व्रत आहे. तिथल्या शिकवणीला लेकरू घातलं की घरदार उंबऱ्यात उभं राहून निकालाची वाट पाहतं. गुण कमी पडले तर पुन्हा वर्षभर तेच, पुन्हा कमी पडले तर पुन्हा. अशा मुलांना रिपीटर म्हणतात, आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या खांद्यावर तो शब्द ठेवताना कुणाचाही हात थरथरत नाही याची मला अजून चीड येते.

त्यांतलीच एक मुलगी. तिचं नाव मी सांगणार नाही, गाव सांगणार नाही, आज ती काय काम करते तेही नाही. जे थोडं तिनं पुढे स्वतःहून मला सांगितलं तेवढंच सांगतो आहे, त्यातही काही मुद्दाम बदललं आहे. दुसऱ्यांदा गुण कमी पडल्यावर वडील तिला गाव उठायच्या आत घरी घेऊन आले. शेजारणीनं विचारलं तेव्हा आई बोलून गेली, की पोरगी लातूरलाच हाय, औंदा डाक्टरीला नक्की लागती. झालं. एकदा गेलेला शब्द मागे घेणार कसा? तेव्हापासून ती मुलगी स्वतःच्याच घरात लपून राहू लागली. कुणी आलं की मागच्या खोलीचं दार लोटलेलं. खोकला आला तर तोंडावर ओढणी. पोळ्याला दारावरून बैल मिरवत गेले, दिवाळीला अंगणात पणत्या लागल्या, आणि गावाच्या लेखी ती लातूरला अभ्यास करत होती. आईबाप दुष्ट नव्हते. चार लोकांच्या तोंडाला भ्यालेली साधी माणसं होती, आणि आमच्याकडे या भीतीला अब्रू म्हणतात.

कुणाकडून तरी अक्काचं ऐकून आई तिला गाव उठायच्या आत मुखेडला आणू लागली, परत न्यायची तीही अंधार पडल्यावर. उन्हाचं निमित्त होतं, त्यामुळे चेहरा रुमालानं गुंडाळलेला. कितीतरी दुपारी ती तशीच बसली, फक्त डोळे उघडे, मोगरीचा घावही असा हळू की टरफल तडकू नये. अक्कानं तिला काही विचारलं नाही. उलट चिंच नीट फुटत नाही म्हणून दोनदा झापलं. मग एक दिवस घामानं जीव कासावीस झाला म्हणून असेल, तिनं रुमाल सोडला, आणि त्यानंतर ती बोलली. काय बोलली ते मला ठाऊक नाही. मी हाताच्या अंतरावर बसून चिंच फोडत होतो. ऐकू येत असताना न ऐकणं हेही त्या अंगणात शिकावं लागतं. चैत्र संपता संपता तिनं आमच्या एका वर्गात नाव घातलं, यथावकाश तिला काम लागलं, आणि पोरगी परत आली, आता नोकरी करती, एवढंच गावानं ऐकलं. लपलेल्या महिन्यांचा कुणाला वासही आला नाही.

निधीची मुदत सरत आली तेव्हा प्रतिष्ठानाच्या एक मॅडम आल्या. मृदू बोलणाऱ्या, अदबशीर, त्यांच्यासोबत कॅमेरावाला. निधी पुढे चालू राहण्यासाठी प्रत्येक केंद्रानं एका तरुणाची कहाणी चित्रफितीसाठी द्यायची होती, ज्याची त्याच्या शब्दांत, अंधार कसा होता आणि उजेड कसा सापडला. देणाऱ्यांनाही काही दिसायला हवं, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचं अगदीच चुकत होतं असं मी म्हणणार नाही. आमची पोरं अक्काच्या अंगणातच कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. नोकरी लागली, बरं वाटलं, यापुढे त्यांची गाडी सरकेना. मॅडमच्या चेहऱ्यावर निराशा उतरली. त्या दिवशी ती मुलगी सुट्टी काढून चहापाण्याला हात लावायला आली होती. कपांचं तबक खाली ठेवून ती म्हणाली, "मी बोलते."

अंगणातल्या मोगऱ्या थांबल्या. अक्कानं मान वर करून तिच्याकडे सरळ पाहिलं.

"कामून? उपकार फेडून राहिलीस?"

"हाव. केंद्र टिकत आसंल तर माझं काय जातंय, अक्का?"

"चिंचा फोडल्यास, मजुरी घेतलीस, फिटलं. माझं काय बी देणं लागत न्हाईस तू."

मॅडम समजुतीनं म्हणाल्या, की चेहरा धूसर करता येईल, आणि शिवाय तिची स्वतःची संमती आहे. मलाही तो मार्ग रास्त वाटला. मी तसं बोलूनही दाखवलं. अक्कानं हातातली मोगरी दगडावर आडवी ठेवली, पदराला हात पुसले.

"चेहरा झाकताल, आवाज कसा झाकताल? आमच्याकडं खोकल्यावरून माणूस वळखतेत. आन संमती म्हणताल, तर ती आज हाय. उद्या हिचं लगीन ठरंल, परवा लेकरू व्हईल. तवा ही संमती माघारी मागायला कुठं येणार, तुमच्या मुंबईला? मॅडम, तुमी पैसा दिला, लई चांगलं केलं. वर्ग बगा, पोरं बगा, खर्चाचा कागदन् कागद बगा. पर लेकराच्या मनातलं इकायला मी हितं बसले न्हाई."

मुलगी रडू लागली. मॅडमनी नमस्कार केला, आणि गाडी निघून गेली. उन्हं घरांच्या भिंतींवर चढत गेली तरी कुणी पुन्हा मोगरी उचलली नाही.

निधी थांबला. आता इथे मी काहीतरी दिलासादायक सांगावं अशी अपेक्षा असेल, तर तसं काही घडलं नाही. संगणक परत गेले, ते गेलेच. रुग्णसेवेचा वर्ग निम्म्यावर बंद पडला, त्यातल्या पोरी घरी बसल्या. वायरमनचा वर्ग एका निवृत्त मास्तरांनी रविवारपुरता कसाबसा तगवून धरला. अक्काचा पगार बंद झाला, अंगण मात्र चालू राहिलं, कारण चिंच फोडायला कुणाच्या मंजुरीची गरज नसते. आणि मग आठवडी बाजारात, मिरच्यांच्या ढिगापाशी, वर्ग तुटलेल्या एका पोराच्या बापानं अक्काला गाठलं. भल्यामोठ्यानं ओरडून तो म्हणाला, "कोण कुठल्या एका लेकरापायी आमच्या पोरांचं वाटुळं केलंस तू!"

भोवती माणसं जमली. मी तिच्या शेजारीच होतो. तिनं समजूत काढावी, दोन गोड शब्द बोलावेत असं मला फार वाटत होतं. अक्का पाय रोवून उभी राहिली.

"हाव, केलं. तुज्या पोराची गोष्ट मागितली आसती, तरी बी हेच केलं आसतं."

तो माणूस शांत झाला नाही. शिव्या घालत निघून गेला, आणि आजतागायत तो तिच्याशी बोलत नाही. त्याचं नुकसान खरं होतं. अक्काचं म्हणणंही खरं होतं. या दोन्ही सत्यांची मोळी मला बांधता आलेली नाही, आणि ज्यांना ती सहज बांधता येते त्यांच्यावर माझा विश्वास नाही. परतताना भाजी महाग झाल्याबद्दल सरकारला बोल लावत अक्का घरापर्यंत आली.

पुढे ती चित्रफीत तयार झाली, कुणीतरी फोनवर पाठवली. इतर केंद्रांवरची मुलं त्यात बोलत होती. एकाचं बोलणं मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. आमचं मुखेड त्यात नव्हतं. अक्कानं शेवटपर्यंत पाहिली, चष्मा काढला, आणि एवढंच म्हणाली, "चांगली लेकरं हायेत. सुखात ऱ्हावोत."

परवा बाजारात गेलो होतो. कार्तिकाचं कोवळं ऊन पालांवर उतरलं होतं, आणि दोन पालं पलीकडे ती मुलगी वांग्यांसाठी घासाघीस करत होती. तिची आई गर्दीत मागे पडली. लेक दिसेनाशी झाली तशी तिनं टाचा उंचावल्या आणि भर बाजारात, खणखणीत आवाजात, तिला नावानं हाक मारली. जी माउली कधीकाळी लेकीच्या खोकल्यालाही भ्याली होती, तिची ती हाक साऱ्या कोलाहलावरून दुमदुमत गेली, आणि एकाही माणसानं मान वळवून पाहिलं नाही. कशाला पाहतील? एक आई आपल्या लेकीला हाक मारत होती. माझे डोळे भरून आले, आणि ते पुसण्याची मी घाई केली नाही.

काळ सगळ्यांच्याच कहाण्या हळूहळू पुसत नेतो, त्याला घाई नसते. पण ज्या महिन्यांना जगानं कधी पाहिलंच नाही ते जगाला आठवणारही नाहीत, आणि जगाच्या स्मृतीतली ती कोरी जागा आम्ही कुणालाही भरू देणार नाही.