मिसरीच्या डबीतल्या गोळ्या

मित्रांनो, मी एक जुनी मिसरीची डबी आहे. नाक मुरडू नका! तीस वर्षं मी अवसरीच्या कुशाबाईच्या कनवटीला होते. सकाळी उठल्याउठल्या तिला मीच लागायचे. सून रत्नाला दिवस गेले, आणि ‘तंबाखूची वस्तू बाळाजवळ नको’ म्हणून कुशाबाईनं मिसरी सोडली. मी फळीच्या कोपऱ्यात पडले.

तिथून मला रत्नानं उचललं. दवाखान्यातल्या तपासणीत तिला एचआयव्ही निघाला होता. उज्ज्वला नर्सबाईंनी बजावलं होतं, “रोज एक गोळी. एकही खाडा नको. मग बाळाला लागण व्हायची भीती फार कमी.”

नवरा रामनाथ मात्र म्हणाला, “आईला कळलं तर घर डोक्यावर घेईल. लपव.” म्हणून गोळ्या माझ्यात आणि मी साड्यांच्या घडीखाली. रोज सकाळी नऊला रत्ना मला उघडायची. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

आठव्या महिन्यात मी कुशाबाईच्या हाती लागले. “अगं बया! माझीच खोड सुनंला लागली की! पोटुशीनं मिसरी लावायची व्हय?” झाकण तिनं उघडलं नाही. वासानं आपलाच हात पुन्हा मिसरीकडं जाईल, ही धास्ती. तिनं मला उकिरड्यावर भिरकावलं, आणि दुपारी खताच्या ट्रॉलीतून मी रानात गेले.

रत्नानं मिसरीचा आळ सोसला, पण खरं सांगितलं नाही. “दुसऱ्या गोळ्या आणून द्या,” असं ती रामनाथला विनवत राहिली. तो म्हणाला, “कांदा काढणी चाललीय. चार दिसांनी काय व्हतंय?” चाराचे चोवीस झाले आणि त्यातच ती बाळंत झाली. अशा माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा!

दीड महिन्यानं बाळाची तपासणी झाली. लागण झाली होती. तेव्हा रत्नानं हंबरडा फोडला आणि सासूला सगळं सांगून टाकलं. कुशाबाई तशीच रानात धावली. ढेकळं उकरून तिनं मला शोधलं आणि झाकण काढलं. आत गोळ्यांची ओली भुकटी होती.

“मला सांगितलं असतं, तर मीच रोज हातावं गोळी ठिवली असती गं पोरी!” घरी परतून ती ऊर बडवत म्हणाली. रामनाथ खाली मान घालून उभा राहिला. आता मान घालून काय उपयोग?

मित्रांनो, कुणाला औषध लपवावं लागेल, असं आपलं घर ठेवू नका. आणि माझ्यासारखी डबी दिसली, तर फेकण्याआधी एकदा उघडून बघा, विचारा.

कुशाबाईनं मला घासूनपुसून पुन्हा फळीवर ठेवलंय, सगळ्यांना दिसेल अशी. नऊ वाजले की ती स्वतः झाकण काढते. माझ्यात आता दोघींच्या गोळ्या असतात. रत्नाच्या, आणि तिच्या लेकीच्या.