नमुना

“तुक्ता, जरा आत ये गं.”

डॉक्टर सुरियोननी दार किलकिलं करून हाक मारली. तुक्तानं हातातली फाइल मिटली आणि ती खुर्चीवरून खाली उतरली. खुर्चीवरून तिला उतरावंच लागे. तिचे पाय जमिनीला पोचत नसत.

आत एक जोडपं बसलं होतं. बाई चार महिन्यांची गरोदर. नवरा-बायको दोघांच्याही रक्तात थॅलेसेमियाचा अर्धा अर्धा दोष होता आणि पोटातल्या बाळात ते दोन्ही अर्धे एकत्र आल्याचं तपासणीत निघालं होतं. तसा कागद सकाळीच तुक्तानं फाइलला लावला होता.

“ही आमच्याच खात्यात काम करते,” डॉक्टर म्हणाले. “छत्तीस वर्षांची आहे. तोच आजार. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, गोळ्या असतात. पण बघा, नोकरी करते, स्कूटर चालवते. तेव्हा अगदी हाय खाऊ नका. ठरवायचं मात्र तुम्हीच.”

दोघांनी बघितलं. दहा वर्षांच्या मुलीएवढी उंची, पुढं आलेलं कपाळ, गालांची रुंद हाडं, ओठांत न मावणारे दात, राखेसारखा रंग. तुक्तानं हात जोडून नमस्कार केला. त्या बाईनंही हात जोडले आणि जोडलेले हात तसेच तोंडावर दाबून ती रडायला लागली.

“ताई, दुखतं का हो?” नवऱ्यानं विचारलं.

“सवय होते.”

पंधरा मिनिटांनी ते दोघं बाहेर तिच्या टेबलापाशी आले. गर्भ पाडण्याच्या संमतीचा कागद तिनं काढून दिला, सही कुठं करायची ते बोट ठेवून दाखवलं. नवरा तिच्याकडं न बघता “थँक्यू” म्हणाला.

डॉक्टर सुरियोन माणूस वाईट नव्हता. तुक्ताला बघून लोकांना उमेद येते असं त्याला खरोखरच वाटायचं. नऊ वर्षांत त्यानं तिला चाळीसेक वेळा तरी आत बोलावलं असेल. त्यातल्या दोनच जोडप्यांनी मूल ठेवलं. एकदा ती म्हणालीही होती, “डॉक्टर, मला नका बोलवत जाऊ.” तर तो हसून म्हणाला, “अगं, वेडी का तू? तू म्हणजे आमचा बेस्ट नमुना!”

लोकांनी काय ठरवावं याबद्दल तिची तक्रार नव्हती. लहानपणी रोज संध्याकाळी आई तिच्या पोटात सुई खुपसायची, रक्तात साठलेलं लोह काढायला. अकराव्या वर्षी प्लीहा काढली. मुलांच्या वॉर्डात तिच्या रांगेत सहा खाटा होत्या; त्या सहांपैकी आता ती एकटीच उरली होती. असं पोर जन्माला घालू नये, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? ती स्वतःच बायकांना तसं सांगायची, तेही आवाज न चढवता, समजुतीनं.

मग पिमचं लग्न झालं. पिम तिची सात वर्षांनी धाकटी बहीण. उंच, गोरी, निरोगी. आजार नाही, नुसता अर्धा दोष. आणि गावात एवढे तरुण असताना तिनं नेमका अनुवात निवडला. हा चिनी मातीच्या वाडग्यांवर कोंबडे रंगवायचा, सारखा बडबडायचा आणि त्याच्याही रक्तात तोच अर्धा दोष होता.

पहिल्या खेपेला पिमचं मूल चौथ्या महिन्यात गेलं. आपोआप गेलं, असं सगळ्यांनी तुक्ताला सांगितलं. तीही “असू दे, पुन्हा होईल” म्हणाली.

त्यानंतर वर्षभरानं एका रविवारी पिम आणि अनुवात जेवायला आले. ओट्यावर चटई टाकून सगळे बसले होते. मध्ये चिकट भाताची करंडी, भाजलेल्या मिरच्यांचा ठेचा, तळलेला मासा. पिमनं पिशवीतून एक पांढरा खोका काढला आणि पुन्हा पिशवीत ठेवला.

“ताई, तुझ्याकडं एक काम होतं.”

“बोल की.”

पिमनं नवऱ्याकडं बघितलं. एरवी बोलायचा न थांबणारा अनुवात भाताचा गोळा वळत बसला होता.

“आम्ही च्यांगमायच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन आलो,” शेवटी तीच म्हणाली. “तिथं बाहेरच गर्भ तयार करतात, तपासतात, नि चांगला असेल तोच पोटात सोडतात.”

“माहितीये मला. माझ्याच खात्यातलं काम ते.”

“तर... त्यांना घरातल्या आजारी माणसाचा नमुना लागतो. दोष कुणाकुणात उतरलाय ते त्यावरून ताडून बघता येतं म्हणे.”

“रक्त नको म्हणाले हां,” अनुवातला आता कंठ फुटला. “म्हणाले, तिच्या अंगात अख्ख्या जिल्ह्याचं रक्त आहे, घोटाळा व्हायचा! गालाच्या आतून काडी फिरवायची फक्त.”

तो एकटाच हसला.

“म्हणजे माझ्यावरून माझ्यासारखे ओळखायचे नि बाजूला काढायचे,” तुक्ता म्हणाली.

“तसं नाही गं ताई...”

“तसंच आहे. बरोबरच आहे. दे इकडं.” खोका हातात घेऊन ती म्हणाली, “मागच्या खेपेचा संमतीचा कागद माझ्याच टेबलावर आला होता, पिम. मीच फाइलला लावला.”

पिमचा चेहरा उतरला. “तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं.”

“बरं केलंस.”

आई इतका वेळ माशाचे काटे काढत होती. मान वर न करता ती बोलली, “तुझ्या वेळी असलं काही असतं तर...”

“तर काय, आई?”

“तर तुला एवढं सोसायला लागलं नसतं.”

“मला म्हणजे कुणाला? मी असते का?”

“नसतीस,” आई म्हणाली. “तेच म्हणतेय मी.”

काटे काढलेला मासा तिनं तुक्ताच्या ताटलीत वाढला. तुक्तानं तो खाल्ला. मग चूळ भरली, आतल्या खोलीत आरशासमोर उभी राहिली आणि खोक्यातल्या कागदावर लिहिलं होतं तसं उजव्या गालात वीस वेळा, डाव्या गालात वीस वेळा काडी घासली. डावीकडं थोडं खरचटलं. टोपण लावून, वर स्वतःचं नाव लिहून तिनं नळी पिमच्या हातात दिली.

तीन महिन्यांनी च्यांगमायहून बोलावणं आलं. नवरा-बायकोच्या सह्या हव्या होत्या, शिवाय एक साक्षीदार. “तू चल ना ताई,” पिम म्हणाली. “तुला कागदांची सवय आहे.”

दवाखान्यातल्या गार खोलीत एका हसतमुख मुलीनं पडद्यावर पाच चित्रं दाखवली. “पाच गर्भ झालेत. एक आणि चार नंबरचे एकदम छान. तीन नंबरमध्ये अर्धा दोष आहे, म्हणजे पिमताईंसारखाच, त्याची काळजी नाही. आणि दोन नि पाच बाधित, ते...” तेवढ्यात तिची नजर तुक्तावर गेली आणि ती अडखळली. “माफ करा हं.”

“चालू द्या,” तुक्ता म्हणाली. उठून ती पडद्याजवळ गेली, टाचा उंचावून बघत राहिली. शिजलेल्या साबुदाण्यासारखे गोल, पाणीदार दाणे. पाचही सारखे.

“ओळखू येत नाहीत.”

“नुसतं बघून नाहीच येत!” मुलगी पुन्हा उत्साहात आली. “तुमच्यामुळंच तर इतकं स्वच्छ कळलं. फार छान नमुना होता तुमचा.”

दोन आणि पाचबद्दलचा कागद वेगळा होता. त्यावर दोन चौकोन: नष्ट करावेत, किंवा संशोधनासाठी द्यावेत. पिम पेन धरून बसली.

“ताई, कुठं खूण करू?”

“संशोधनाला देऊ या,” अनुवात म्हणाला. “तेवढंच पुण्य.”

पिमला ते पटेना. तिनं पुन्हा बहिणीकडं बघितलं. तिचे डोळे भरले होते. लहानपणी काही मोडलं-फुटलं की अशीच ती तुक्ताकडं बघायची.

“पहिल्या चौकोनात कर,” तुक्ता म्हणाली. “त्यांना कुणी टोचत बसायला नको.”

पिमनं खूण केली, सही केली. अनुवातनं केली. मग कागद तुक्ताच्या पुढं सरकवण्यात आला. साक्षीदाराचं पूर्ण नाव. तिनं लिहिलं. अक्षर तिचं सुरेख होतं; खात्यात सगळे तिच्याकडूनच लिहून घेत. त्याखाली तारीख. त्याखाली ‘नातं’.

तिनं लिहिलं: मावशी.

मुलगी वाकून बघत होती. “पेशंटशी असलेलं नातं लिहायचं हं, ताई.”

“हो. चुकलं.”

तुक्तानं त्या शब्दावर एक सरळ रेघ ओढली, पुढं ‘मोठी बहीण’ लिहिलं आणि खाडाखोड केल्यावर करायची असते तशी बाजूला लहानशी सही केली.