पडीक जमिनीतली तूर

गोविंदाने पहार बाजूला ठेवली आणि तुरीचं झाड बुडख्यापाशी धरून हळूहळू हलवत वर काढलं. एकही मूळ तुटू द्यायचं नाही, असं भाचीने बजावलं होतं. स्नेहाने केसांएवढी बारीक मुळं कात्रीने कापून स्पिरिटच्या नळीत टाकली, नळीवर गट नंबर लिहिला आणि ती बर्फाच्या डब्यात ठेवली.

“डीएनए त खुनाच्या केसमधी काढतेत ना वं?”

“मुळातल्या बुरशीचा काढून राह्यली मी, मामा. हे बुरशी झाडाले दुरून पाणी आणून देते. झाड तिले साखर देते.”

“म्हंजे बुरशीलेबी फुकट कोणी खाऊ घालत नाई!”

दोघंही हसले. स्नेहा घरातली पहिली पीएचडी होणार होती, आणि मामाला तिचं भारी कौतुक.

आठ महिन्यांनी पुण्याहून निकाल आला. गोविंदाच्या तुरीत सापडल्या तेवढ्या बुरशीच्या जाती शेजारच्या राजपालच्या काळ्याभोर वावरात निम्म्याही नव्हत्या. नसणारच! नांगराने आणि रासायनिक खताने ही बुरशी मरते. गोविंदाची तीन एकर ई-क्लासची, सरकारी. सातबारा नाही म्हणून सोसायटीचं खत नाही. अतिक्रमणात ट्रॅक्टर घालायला कोणी धजत नव्हतं, आणि बैल त्याच्या बापाकडेही नव्हते. चाळीस वर्षं बापलेकांनी काठीने भोकं पाडून दाणे टोबले होते.

“कागदोपत्री पडीकच आहे ना? मग तसंच लिहा,” मार्गदर्शक म्हणाले. “पडीक माती आणि कसलेली माती. तुलना ठसठशीत होते.”

स्नेहाने लिहिलं: ‘वर्षानुवर्षे पडीक, नांगर न लागलेल्या जमिनीत पहिल्यांदाच घेतलेली तूर.’ सगळा प्रबंध त्या एका वाक्यावर उभा राहिला. त्यावरून केलेल्या अहवालाची छापील प्रत तिने मामाच्या गावी, इंझोरीला येऊन ग्रामपंचायतीत दिली, वर पेढे वाटले. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, चांगलं असतं.

ती प्रत राजपालने वाचली. त्या तीन एकरांवर तो कधीचा टपून होता.

तहसीलमध्ये त्या जमिनीची सुनावणी निघाली; मामा-मामीबरोबर स्नेहाही गेली. नव्वद सालाआधीपासूनची वहिवाट सिद्ध झाली तर जमीन गोविंदाच्या नावावर होणार, नाहीतर हातची जाणार. दोन म्हाताऱ्या साक्षीदारांनी सांगितलं की गोविंदाचा बापही तिथेच पेरायचा. तहसीलदार साहेब मान डोलावत होते. तेवढ्यात राजपालने अहवाल टेबलावर ठेवला.

“हे यायच्याच पोरीनं लिहिलं, साहेब. पडीक जमीन, पह्यलीच तूर. मंग चाळीस वर्साची वहिवाट कुठची?”

बाकावरून अंजनामामी मोठ्याने म्हणाली, “कुऱ्हाडीचा दांडा गोताले काळ!”

साहेबांनी चष्मा वर केला. “हे तुम्ही लिहिलंय, ताई?”

स्नेहा अर्धवट उठली. खोटं होतं ते. लहानपणी संक्रांतीला मामाकडे आली की तिने याच वावरातल्या तुरीच्या ओल्या शेंगा खाल्ल्या होत्या. तिला आता स्वतःचीच चीड आली. पण खोटं म्हटलं की प्रबंध गेला, पाच वर्षं गेली.

गोविंदाने तिचं मनगट धरलं.

“बस खाली,” तो हळूच म्हणाला. “मंगळवारी तुही तोंडी परीक्षा हाय ना?” मग साहेबांकडे वळून मोठ्याने म्हणाला, “पोरगी कायले खोटं लिहीन, साहेब? नांगर नाईच लागला आमच्या वावराले. नांगर होता कुठं आमच्यापाशी?”

“नांगराचं नाही विचारत मी. जमीन पडीक होती की नव्हती?” साहेब स्नेहाकडेच पाहत होते. “ताई, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते लिहून घेतो.”

मामाची पकड सैल झाली होती. मामी पदराचं टोक तोंडाशी धरून तिच्याकडे बघत होती.

“अहवाल बरोबर आहे,” स्नेहा म्हणाली, आणि खाली बसली.